कपाटांची क्रीम शटरं पिवळी का पडली? खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मा उतरला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. स्वयंपाकघरातली जुनी कपाटं क्रीम सॅटिन रंगात रंगवा, असं मी लिहिलं होतं. ताईंनी गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तसं करून घेतलं. वर्षाच्या आत शटरं पिवळट झाली, दोन दारं चौकटीला चिकटायला लागली. त्यांचं म्हणणं, "फोटो बघून लिहिणाऱ्यांना फोडणी कुठं माहीत? सासूबाईंचा कॉफी कलरच बरा होता, मळखाऊ. नाहीतर सरळ सनमायका."

फोडणी माहीत आहे हो, रोजचीच आहे. पण चूक माझीही आहे. मी नुसतं 'सॅटिन' लिहिलं, कुठल्या जातीचा रंग ते लिहिलंच नाही. सॅटिन ही फक्त चमक. ती ऑइल पेंटमध्ये मिळते, वॉटर-बेस्ड इनॅमलमध्ये मिळते, पीयूमध्येही (पॉलियुरेथेन) मिळते. तुमच्या पेंटरनं बहुतेक नेहमीचं ऑइल इनॅमल मारलं असणार, कारण दुकानात 'कपाटाला द्या' म्हटलं की तोच डबा पुढे येतो. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि पुढे पिवळं पडत जातं, अंधारात तर जास्तच. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरी पांढऱ्या कपाटावर कॅलेंडर टांगलेलं असायचं. एका जानेवारीत ते काढलं. मला वाटलं, झाकलेला भाग पांढराशुभ्र निघेल. निघाला साजूक तुपाच्या रंगाचा चौकोन!

तेव्हा तुमचं शटर उघडून आतली बाजू बघा. आत बाहेरपेक्षा पिवळं असेल तर दोष त्या रंगाचा. पिवळेपणा फक्त शेगडीकडे आणि हँडलभोवती असेल, बोटाला चिकट लागत असेल, तर तो तेलाचा थर. कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं निघेल. हळदीचा डाग सोडा लागला की लाल होतो, घाबरू नका. ऊन येत असेल तर हळूहळू उडतो.

दारं चिकटली त्याला मात्र आपली गणपतीआधीची घाई कारण. हीच घाई आम्हीही केलीय, भर आषाढात. दुसरा हात झाला, पेंटरनं शटरं जुन्या पेपरवर आडवी ठेवली. "वाळलंय की ओ, हात लावून बघा," म्हणाला. हाताला खरंच कोरडं लागत होतं. उचलली तर एका दाराच्या मागं आख्खी बातमी उमटलेली, उलट्या अक्षरांत. आरसा धरल्यावर 'सीमाप्रश्न' एवढं वाचता आलं. ऑइल इनॅमल काही तासांत वरून कोरडं होतं, आतून कडक व्हायला चांगल्या हवेतही आठवडा किंवा जास्त लागतो. खानापूरच्या पावसात तर लाकूडच पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्यावर थरावर थर दिला आणि लगेच दारं बंद केली, तर ती चिकटणारच. कपाटं रंगवायची दिवाळी ते होळीच्या मधे. गणपतीला भिंती रंगवा हव्या तर.

आता मळखाऊ रंग. इथं माघार नाही. कॉफी कलर मळ लपवतो, तेल तेवढंच बसतं. दिसत नाही म्हणून पुसलं जात नाही, आणि पुढच्या वेळी त्यावर रंग धरत नाही. गडद आणि वर चकचकीत असेल तर भाकरीच्या पिठाची बोटं लांबून मोजता येतात. मॅट शेगडीजवळ नकोच, पुसून पुसून त्यावर चकाकते पट्टे उठतात. ग्लॉसी पुसायला सोपं, पण जुन्या फळीचा खड्डा न् खड्डा दाखवतं. म्हणून मी अजूनही सॅटिनच म्हणेन. कौलारू घरात, पुढे आलेल्या वळचणीखाली, पावसाळी उजेडात शुद्ध पांढरा राखाडी दिसतो, म्हणून क्रीम. सासूबाईंसाठी खालच्या दारांना कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, तपकिरी रंग द्या, वरची क्रीम ठेवा.

नव्या प्लायवर सनमायका उत्तम, कबूल. पण तुमची दारं सागवानी चौकट-फळीची आहेत असं तुम्हीच लिहिलंय. फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सनमायका तेवढा हलत नाही, कडेनं सुटतो.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर सगळा खरवडायला नको. आधी तेलकटपणा धुवा, मगच घासा. उलटं केलं तर पॉलिश पेपर तेलच चोळत बसतो. २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात, प्रायमर, वर वॉटर-बेस्ड इनॅमलचे दोन हात. पीयू करणार असाल तर त्यात मिसळायचं हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) नॉन-यलोइंग, म्हणजे पिवळं न पडणारं, आहे का ते विचारून घ्या, सगळे पीयू पांढरे राहत नाहीत. आणि आधी वीतभर फळी रंगवून शेगडीशेजारी उभी करा, एकदा सकाळी बघा, एकदा रात्री दिवा लावून.

आतल्या बाजूला काय दिसलं ते कळवा. आमचं बातमीवालं दार अजून आहे, सांडग्या-पापडांच्या कपाटाला.