‘एवढं शिकून फसले कसे?’

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे झाले एकच वाक्य फिरतंय : ‘एवढं शिकून फसले कसे?’ फसले ते माझे धाकटे चुलते. औसा तालुक्यातल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आता लातूरला असतात. पोलिसाच्या वेशातल्या माणसानं त्यांना व्हिडिओ कॉलवर दोन दिवस ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ठेवलं आणि ठेव मोडायला लावून ११ लाख काढून घेतले. हे वाक्य लिहिणारे परके नाहीत. काकांनी ज्यांच्याकडून पाढे घोकून घेतले, तेच आहेत. मी इकडं इंग्लंडात, रेडिंगच्या सकाळच्या गाडीत ते वाचतो आणि दिवसभर कामात लक्ष लागत नाही.

अडाणी माणूसच फसतो, ही समजूत खोटी आहे. काका फसले ते शिस्तीपायी. परिपत्रक आलं की त्याच दिवशी सही करून फायलीला लावायचं, असं ३४ वर्षं केलेल्या माणसापुढं कोर्टाच्या शिक्क्याचा कागद धरला, तर तो उभाच राहणार. ‘तुमच्या आधारवर सिम घेऊन गुन्हा झालाय. पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात भरा, निर्दोष असाल तर परत मिळतील. कुणाला बोललात तर त्यालाही आरोपी करू.’ काका इस्त्रीचा सदरा घालून फोनपुढं बसले. संडासला जायची परवानगी मागितली. आत कुकरची शिट्टी झाली तर पलीकडचा ओरडला, ‘आवाज कसला? घरात कोण आहे?’ काकांनी हातानंच खूण करून काकूंना गॅस बंद करायला लावला. त्या दुपारी दोघं अर्धकच्च्या वरणावर जेवले.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. काकांनी ते ऐकलंही होतं. पण समोर वर्दी दिसली, स्वतःचा आधार नंबर कुणी घडाघडा वाचून दाखवला, की ऐकलेलं आठवत नाही.

खरं नुकसान झालं ते पुढच्या नऊ दिवसांत. त्या नऊ दिवसांत काका कुणाशीच बोलले नाहीत. १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर लगेच तक्रार गेली तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येतं. उशीर झाला की तेच पैसे भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फिरत फिरत निघून जातात. काकांना नंबर माहीत होता. त्यांना भीती होती ती याच वाक्याची, जे आता ग्रुपवर फिरतंय.

म्हणून मी ग्रुपवर इथलं उदाहरण दिलं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे : भामट्यानं भुलवून तुमच्याच हातानं पैसे पाठवायला लावले, तरी बँकेनं ते भरून द्यायचे, ८५ हजार पौंडांपर्यंत. निम्मा भार तुमच्या बँकेवर, निम्मा पैसे ज्या बँकेत गेले तिच्यावर. आमच्या शेजारची म्हातारी फसली तेव्हा तिनं १५९ ला, म्हणजे थेट आपल्या बँकेला जोडून देणाऱ्या नंबरला, फोन लावला आणि संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना मला सगळं सांगितलं, मान खाली न घालता. आपल्याकडं भारतात रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, पण ते तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी. स्वतःच्या हातानं पाठवलेल्या पैशाला त्यात आसरा नव्हता. देशाबाहेरच्या खात्यात गेलेल्या पैशाला ब्रिटनचा नियमही लागत नाही, हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

काकांवरून सुरू झालेलं बोलणं मग चुलत बहिणीच्या मुलीवर गेलं. नर्सिंगला आहे ती. कुणीतरी तिचा चेहरा घाणेरड्या फोटोला जोडला आणि पैसे मागायला लागला. तर ग्रुपवर काय, ‘फोटो टाकायचेच कशाला?’ पुन्हा प्रश्न तिलाच! अश्लील मजकूर पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, धमकावून पैसे मागणं ही खंडणी आहे, आणि नको म्हटल्यावरही बाईच्या ऑनलाइन मागं लागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतं. सरकारच्या सायबर पोर्टलवर बायकांच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. पैसे देऊ नको, काही पुसू नको, स्क्रीनशॉट ठेव, एवढं तरी तिला घरातल्या कुणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं, पण तेही चार दिवसांनी, कारण मला कळलंच चार दिवसांनी.

चुलतभावानं उत्तर दिलं : ‘दादा, तू तिकडून नियम सांगू नको. काकांना घेऊन पोलीस ठाण्यात तीनदा मी गेलोय.’ मला राग आला. खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणूनच आला.

त्यानंतर मी आमच्या अण्णांना पढवायला घेतलं. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आवाजाचीही नक्कल होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून मी जरी बोललो तरी घरातला एखादा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर चुकलं की फोन कापायचा.

गेल्या रविवारी ऑफिसच्या नव्या नंबरवरून लावला.

‘कोण बोलायलंय?’

‘अण्णा, मी.’

थोडा वेळ काही नाही. मग, ‘लिंबाच्या शेतात औंदा काय पेरलंय?’

सोयाबीन, मी म्हणालो. माझ्या लहानपणापासून तिथं सोयाबीनच असायचं. फोन कापला गेला.

दहा मिनिटांनी जुन्या नंबरवरून लावला. अण्णांचा आवाज उत्साहात होता. ‘आत्ता एक जण हुबेहूब तुझ्या आवाजात बोलला बघ. सोयाबीन म्हणाला. आपण तिथं ऊस लावून तीन वर्षं झाली, त्याला काय माहीत!’

‘बरं केलं कापला ते,’ मी म्हणालो.