संघ कोण निवडतो? मॅनेजर नव्हे

‘ओळखीच्या मुलांना मॅनेजर आधी खेळवतो’ असा निरोप मुलांच्या फुटबॉल संघाच्या पालकांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कोण खेळणार, कुठल्या जागी, किती वेळ, हे प्रशिक्षक ठरवतो.

मॅनेजरकडे नोंदणी, वर्गणीचा हिशेब, वेळापत्रक कळवणे ही कामे असतात. मुलांच्या अ‍ॅलर्जी, दमा यांची माहिती आणि पालकांचे फोन नंबर मैदानावर हाताशी ठेवणे हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

गैरसमज बहुधा यादीवरून झाला असावा. फुटबॉलच्या नियम ३ नुसार राखीव खेळाडूंची नावे सामन्याआधी रेफरीकडे द्यावी लागतात; नाव नसलेला राखीव खेळाडू उतरू शकत नाही. हा कागद अनेकदा मॅनेजर नेऊन देतो, पण त्यावरची निवड प्रशिक्षकाचीच. तेव्हा खेळायला मिळण्याबद्दलचा प्रश्न प्रशिक्षकालाच विचारा, तोही सामना संपल्यावर, मुलांसमोर नको.