पाणी पन्नास अंशांना उकळलं त्याची गोष्ट

लेकीच्या सुटीच्या अभ्यासात 'घरी बनवलेलं तापमापक' असं एक कलम होतं. मी जोशात म्हणालो, थर्मोकपल करू. मे महिन्यात नागपुरात माणसानं जोशात काही बोलू नये.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकांशी जोडायच्या. एक सांधा गरम, दुसरा थंड ठेवला, की चिमूटभर व्होल्टेज मिळतं. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाला ते दिसलं होकायंत्राची सुई हलल्यामुळे, म्हणून तो बिचारा त्याला चुंबकत्वच समजत राहिला. त्याचं चुकलं तर माझं काय!

तांब्याची तार जुन्या वायरमधून निघाली. लोखंडासाठी मी आईची कपडे वाळत घालायची तार कापायला काढली. "बाबा, तिच्यावर जस्त आहे. तापवलं तर धूर विषारी," लेक म्हणाली. आईला जस्ताशी घेणं नव्हतं. "काहून रे, माझीच तार दिसली का तुले?" शेवटी बर्डीच्या बाजारातून लोखंडी बाइंडिंगची तार आणली. पॉलिश पेपरनं घासून पकडीनं पीळ दिला. मेणबत्तीवर तापवून पाहू म्हटलं, तर लेकीनं आधी गॉगल लावायला लावला, स्वतःचे केस बांधले, आणि कूलरच्या झोतानं मेणबत्ती विझली. कूलर बंद करायला घरात कोणीच तयार नव्हतं.

मग उकळतं पाणी. व्होल्टेज मोजणारा मीटर दोनशे मिलिव्होल्टच्या पट्टीवर. आकडा आला उणे ०.६. लाल-काळं उलटं लागलं होतं, ते फिरवलं. ०.६. अंशाला साधारण बारा मायक्रोव्होल्ट, म्हणजे ०.०१२ मिलिव्होल्ट, धरून भागाकार केला, तर आमच्या स्वयंपाकघरात पाणी पन्नास अंशांना उकळत होतं.

"दुसरं टोक कुठंय?" लेकीनं विचारलं.

दुसरं टोक ओट्यावर पडलं होतं, पंचेचाळीस अंशांत. हे यंत्र तापमान मोजतच नाही, दोन टोकांतला फरक मोजतं. म्हणजे त्याला थंड जागा लागते. मे महिन्यात, नागपुरात!

फ्रिजमधला बर्फ आमच्या सरबतात संपलेला. गोळेवाल्याकडून पिशवीभर आणला, डब्यात पाणी घालून टोक बुडवलं. तो डोळ्यांदेखत वितळत होता, माझा जीव खालीवर. "वितळू द्या, बर्फ उरलाय तोवर शून्यच," लेक म्हणाली. आकडा चढून १.१ झाला. मी गॉगल घालूनच टाळ्या वाजवल्या.

मग तिनं गरम टोक गच्चीवरच्या उन्हात धरलं. ०.५. संध्याकाळी ऊन उतरल्यावरही ०.५. मीटरचा एक अंक म्हणजे आठ-नऊ अंश. त्याच्या मधलं काही त्याला दिसत नाही.

"म्हणजे ०.६ दिसायला अजून काही अंश हवेत," लेक हिरमुसली.

आई कूलरसमोरून न हलता म्हणाली, "थांब नं पोरी, नवतपाचे भाजणारे नऊ दिवस लागू दे."