तेरेखोलच्या किल्ल्याबाबत खुलासा
गोव्याच्या पेडणे तालुक्यातील जुन्या छायाचित्रांसोबत सध्या मोबाइलवर फिरत असलेल्या एका मजकुरात ‘तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये बांधला’ असे म्हटले आहे. ते बरोबर नाही. हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी बांधला, आणि १७४६ हे तो पोर्तुगीजांनी जिंकून घेतल्याचे साल आहे. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जाऊन किल्ल्यात शिरणाऱ्याला आधी दिसते ते चौकातले सेंट अँथनीचे पांढरे चर्च, त्यामुळे हा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. मात्र ते चर्च पोर्तुगीज अमलातले असून भोवतीची तटबंदी मुळात सावंतांची आहे. याच किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला होता, त्याचा त्या मजकुरात साधा उल्लेखही नसावा याचे मला फार वाईट वाटले. ज्यांनी तो पुढे पाठवला आहे, त्यांनी कृपया ही दुरुस्तीही त्याच मंडळींना पाठवावी, आणि घरातल्या जुन्या छायाचित्रांमागे स्थळ व साल वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने लिहून ठेवावे.