वर्षाची मुदत लिहायची राहिली

चोरीच्या संशयावरून माणसाला अडकवून ठेवण्यावरचा लेख चांगलाय, पण भरपाईच्या दाव्याची मुदत लिहायची राहिली, आणि लोक तिथंच फसतात. आमच्या आतेभावाला परभणीच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) एका आडतीवर गल्ल्यातले पैसे गेले म्हणून दोन तास बसवून ठेवलं. दाराला कुलूप नव्हतं, पण दोघं जण आडवे उभे होते. अडकवून ठेवलं म्हणायला कायद्याला तेवढं पुरतं. वरून चारचौघांत ‘चोर’ म्हणाले. पैसे संध्याकाळी वहीतच सापडले! दादा (हाच आतेभाऊ) म्हणाला, सुगी होऊ द्या, मग बघू. १९६३ च्या मुदत कायद्यात असं अडकवणं आणि बदनामी, दोन्हींच्या भरपाईच्या दाव्याला १ वर्षच आहे. बदनामीच्या फौजदारी तक्रारीला ३ वर्षं मिळतात, दादाची गल्लत तिथंच झाली. वकिलाकडं गेलो तेव्हा चौदावा महिना चालू होता.