भाच्याचा टर्बो

गाडी ऑकलंडमध्ये धूर सोडते आणि ठसका मला बडोद्याच्या दांडिया बाजारात लागतो, अशी सध्या माझी स्थिती आहे.

गाडी भाच्याची. माझदा आरएक्स-७, नव्वदच्या दशकातली, जपानात वापरून झाल्यावर न्यूझीलंडला आलेली. दिसायला देखणी, उंचीला बेताची, आणि मागची सीट अशी की तिच्यावर माणूस मावत नाही, माणसाचा डबा मावतो. हिचा टर्बो गेला. आता टर्बो गेला तर तिथल्या मेकॅनिकला विचारावं की नाही? पण आमच्या घराण्यात साधी सर्दी झाली तरी आधी मामाला विचारतात. त्यात मी खत कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाउसमध्ये उभी नोकरी काढलेली. टर्बोचार्जर म्हणजे एका टोकाला इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारं टर्बाइन, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर आणि दोघांना जोडणारा दांडा. आमच्याकडेही अशीच जोडी होती, फक्त ती वाफेवर चालायची आणि दोन मजले अडवून बसायची. तिने मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतले की आम्ही आसपास दबकून वावरायचो. भाच्याचा टीचभर ऐवज लाखाच्या पुढे जातो.

फोन येतो आमच्या दुपारी चारला, म्हणजे त्याच्या रात्री साडेदहाला. बायको-पोर झोपले की हा गॅरेजमध्ये शिरतो, कपाळाला बॅटरी बांधतो आणि मला व्हिडिओ कॉल लावतो. वामकुक्षीचं वाटोळं झालेल्या अवस्थेत मी विचारलं, "धूर कसला? निळा की पांढरा?"

"निळा."

"म्हणजे तेल जळतंय."

"पण मामा, हे इंजिन तेल जाळतंच. कंपनीनेच तशी सोय केलीय."

चहा घेऊन आलेली सौ. दारातच थांबली. "तेल पितं, धूर सोडतं आणि म्हणे बिघाड नाही?"

तिला समजावणं भाग होतं. या गाडीचं इंजिन रोटरी. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. मधे किंचित आवळलेल्या लंबगोल घरात तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. घडीची पोळी लाटायच्या आधी ती जो फुगीर तिकोना करून ठेवते, तसा. त्याच्या तिन्ही टोकांना पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. त्या सतत भिंतीला घासत फिरतात म्हणून त्यांना तेल लागतं, आणि एक छोटा पंप ते थेंबाथेंबाने आतच सोडतो. मग ते पेट्रोलबरोबर जळतं. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन गृहस्थांच्या डोक्यातून हे निघालं आणि १९५७ साली असं पहिलं इंजिन चाललं. या वांकेलसाहेबांकडे गाडी चालवण्याचा परवाना मात्र कधीच नव्हता.

"तरीच," सौ. म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

मग दांड्याची परीक्षा. मी म्हणालो, हवेचा पाइप काढ, कॉम्प्रेसरच्या चाकाचा नट चिमटीत धर आणि हलव. आडवा किंचित हलला तर घाबरू नकोस, साध्या बेअरिंगमध्ये दांडा तेलावर तरंगत असतो. आतबाहेर मात्र हलता कामा नये. त्याने मोबाइल कशाला तरी टेकवला, दोन बोटं आत घातली. टक्. टक्. टक्. दांडा मजेत आतबाहेर करत होता. पात्यांच्या कडा घराला घासून चांदीच्या पैंजणावर पॉलिश मारावं तशा नाही, चक्क खरवडून चकाकत होत्या.

"गेला," मी म्हणालो. हा "गेला" म्हणायचा एक आवाज मी नोकरीत कमावलाय. तो काढला की प्लांटमध्ये लोक टोप्या काढायचे. भाचा मात्र खूश दिसला. मी ते मनात टिपून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत बातमी मांजलपूरला ताईकडे. "अरे, तो टर्बो नसला तर गाडी चालत नाही का?"

"चालते, बेताची."

"मग?"

या "मग"ला यंत्रशास्त्रात उत्तर नाही. मेहुणे बँकेतून निवृत्त. त्यांनी अ‍ॅव्हरेज विचारला. रोटरीचा अ‍ॅव्हरेज ही निवृत्त बँकवाल्याला सांगायची गोष्ट नव्हे, म्हणून मी लाइन खराब असल्याचं सांगितलं. शेजारचे पटेलभाई सबमर्सिबल पंपांचे व्यापारी. त्यांचं मत की चौथाई किमतीत नक्कल मिळत असताना ब्रँडवर पैसे का घालवायचे. "अंदर पंखो ज छे ने!" आहे, पंखाच आहे. पण ज्या वायूवर तो फिरतो तो ९०० अंशांच्या वर सहज जातो. घरातला पंखा बिघडला तर कुरकुरतो. हा बिघडला की तुकडे होऊन इंटरकूलरमध्ये, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीत, जाऊन बसतो.

कॅटलॉग उघडला तर पहिलाच प्रश्न: इंजिन किती लिटरचं? भाच्याचं इंजिन १३०८ सीसी. एवढ्याशा जिवातून जपान्यांनी सुरुवातीलाच २५५ हॉर्सपॉवर काढले होते. १.३ लिटर म्हटलं की छोटे-छोटे टर्बो समोर येतात, आणि गोम इथेच आहे. रोटर स्वतः एक फेरा घेतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन्ही रोटर एकेकदा पेटतात. साध्या फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनची पाळी दोन फेऱ्यांनी येते. म्हणजे हवेच्या हिशेबात हे २.६ लिटरचं इंजिन. कागदावर १.३, पोटात २.६. आमच्या प्लांटमध्ये कॉम्प्रेसरला त्याचं आकारमान कोणी विचारत नसे. हवा किती आणि दाब किती पट, एवढंच.

तेच कॉम्प्रेसर मॅप नावाच्या आलेखावर असतं. आडवी हवा, उभं दाबाचं गुणोत्तर, मधे कार्यक्षमतेची बेटं, आणि डावीकडे सर्जची रेषा. ती रेषा पाहून मला आजही घाम फुटतो. आमचा सिंथेसिस गॅसचा कॉम्प्रेसर एका रात्रपाळीत सर्जमध्ये गेला होता. वायू पुढे जायचा सोडून उलटा येतो, परत जातो, परत येतो. जमीन धडधडायला लागली, लॉगबुकावर ठेवलेला चहाचा ग्लास आपापला चालत टेबलाच्या कडेला गेला आणि खाली उतरला. आमचा शिफ्ट इनचार्ज पक्का अमदावादी, तो मराठीत देवाचा धावा करू लागला. हे सगळं मी भाच्याला रंगवून सांगितलं.

"मामा, गाडीत सर्ज झाला की काय भारी आवाज येतो! लोक मुद्दाम करतात."

मी कॉल कापला. सौ.ने विचारलं, काय झालं? "पिढी," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस टर्बाइनच्या घरावरून जुंपली. या घराचं माप ए बाय आर म्हणून सांगतात. माप लहान तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांना घुसमटतो. मोठं तर आधी डुलक्या काढतो आणि मग उधळतो. माणसाला अर्थातच लवकर उठणारा आणि लांब पळणारा हवा असतो. तो कॅटलॉगात नाही. त्यात रोटरीचा स्वभाव आणखी तापट. एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नसल्याने रोटरचं टोक पुढे सरकलं की दार एकदम उघडतं आणि वायू आपली सगळी आग घेऊन बाहेर पडतो. घर लहान असेल तर तो तुंबतो, पुढच्या भरण्यात मिसळतो, आत उष्णता वाढते, डिटोनेशन होतं, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी स्फोटासारखं भडकतं, आणि टोकाची पट्टी तुटते. तुटलेली पट्टी जाते कुठे? एक्झॉस्टमधून थेट नव्याकोऱ्या टर्बाइनच्या तोंडात. म्हणून रोटरीला घर ऐसपैस द्यावं आणि वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारी झडप, तीही मोठी, नाहीतर जादा वायूला वाट मिळत नाही आणि दाब आपल्या मर्जीने चढत राहतो.

"आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपास, आत दाब किती धरतंय ते बघ," मी बजावलं. रोटरीचा टेस्टर वेगळा असतो. रोटरला तीन बाजू, म्हणून एकेका रोटरचे तीन आकडे देतो.

"तपासलं. सहाही आकडे चांगले आहेत."

इतका तयारीचा भाचा आमच्या घराण्यात कधी झाला नव्हता.

माझं मत होतं की कंपनीचीच जोडी दुरुस्त करून बसवावी. या गाडीला मुळात दोन टर्बो: पहिला खालच्या फेऱ्यांपासून कामाला लागतो, दुसरा ४५०० च्या आसपास येऊन मिळतो. दाब १० पीएसआय, हातमिळवणीच्या वेळी ८, पुन्हा १०. सुरेख योजना. पण ती सांभाळायला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा, आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं जे जंजाळ आहे त्याचा त्याने फोटो पाठवला. तीस वर्षं भाजून निघालेलं रबर. एक नळी काढायला गेला तर शेजारची मोडून हातात आली. तरी मी हटलो नाही. शेवटचं अस्त्र काढलं: "१९९१ची ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली ती माझदा रोटरीच होती. आणि तिला टर्बो नव्हता!"

"तिला चार रोटर होते, मामा. आणखी दोन घेऊ का?"

मी विषय बदलला. बदलताना लक्ष गेलं ते त्याच्या खांद्यामागच्या फळीवर. पोराच्या तिचाकी सायकलीखाली एक खोका होता.

"तो कसला खोका?"

"कुठला?"

"सायकलीखालचा. नंबर वाच."

त्याने नंबर वाचला. एकच मोठा टर्बो, ट्विन-स्क्रोल, म्हणजे दोन्ही रोटरांचा वायू अगदी टर्बाइनच्या चाकापर्यंत वेगवेगळ्या वाटेने येणार. घर ऐसपैस. मी मॅप काढून चष्मा पुसून बघितलं. त्याचे सगळे बिंदू बेटावर, सर्जच्या रेषेपासून लांब. दोष काढायला जागा म्हणून नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

"मग मला कशाला विचारत होतास?"

"हिला सांगितलंय, मामाने निवडला म्हणून. तुझं नाव घेतलं की ती पुढे काही बोलत नाही."

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते लोकांना हुन्नर यावा म्हणून. त्याच परंपरेतल्या कॉलेजात शिकून मी अखेरीस झालो काय, तर घरचा रबरी शिक्का. बरं, शिक्का तरी सगळीकडे चालावा! एवढा मोठा बदल केला की तिथे गाडीला लो व्हॉल्यूम व्हेइकल सर्टिफिकेशन घ्यावं लागतं, आणि त्या तपासनिसापुढे मामाची सही चालत नाही म्हणे.

टर्बो बसला. परवा ताईचा फोन. "अरे, आता क्लच बदलायचा म्हणतोय. मामा म्हणाला म्हणे. खरं का?"

मी त्याला क्लचबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो. पण जोर वाढला की जुना क्लच घसरतो, ही गोष्ट खोटी कशी म्हणणार? "खरं आहे," मी म्हणालो.

"मग आता संपलं ना सगळं?"

इंजेक्टर, फ्युएल पंप, मोठा इंटरकूलर आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेले.

"जवळजवळ," मी म्हणालो.

मागून मेहुण्यांचा आवाज आला, "नव्या टर्बोने अ‍ॅव्हरेज वाढेल का, विचार त्याला."