‘कळलं नाही की विधी म्हणतात’? मग माहुरझरीचे घोडे बघा

भाच्यानं नववीच्या प्रकल्पासाठी नागपूरजवळची शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले मोठे दगड, निवडली आणि पहिल्याच पानावर लिहिलं, ‘ही आपल्या पूर्वजांची ऊर्जाकेंद्रं होती.’ घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका व्हिडिओतून त्यानं ते उचललं होतं. व्हिडिओचं म्हणणं असं: पुरातत्त्ववाल्यांना ज्याचा अर्थ लागत नाही त्याला ते ‘धार्मिक विधी’ म्हणून मोकळे होतात. इंग्लंडमधलं स्टोनहेंज, तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे, मोहेंजोदडोचं स्नानकुंड आणि विदर्भातली वर्तुळं ही सगळी त्याची उदाहरणं. आणि शेवटी, ‘वर्तुळांखाली काय दडवलंय ते तुम्हाला सांगत नाहीत.’ पोरगं हे शाळेत वाचून दाखवणार होतं, म्हणून लिहायला बसले.

यात जे खरं आहे ते आधी मान्य करते, नाइलाजानं का होईना. ‘विधी’ हा शब्द पुरातत्त्वात सैल हातानं वापरला गेला आहे. मोहेंजोदडोचं कुंड सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 2.4 मीटर खोल; विटा घट्ट बसवलेल्या, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, दोन्ही टोकांना पायऱ्या. तिथे मूर्ती नाही आणि सिंधू लिपी अजून वाचता येत नाही. ते धार्मिक स्नानासाठी होतं हा अंदाजच आहे. गोबेकली टेपेचंही तसंच. जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी 1995 पासून तिथे खणलं आणि इथे कुणी राहत नव्हतं, लोक फक्त पूजेला येत, असं मांडलं. पुढे तिथे राहती घरं सापडली, धान्य दळायचे दगड मोठ्या संख्येनं निघाले, आणि ते मत बदलावं लागलं. पण ते बदललं कुणी? तिथे खणणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनीच. ऊर्जाकेंद्रवाल्यांनी त्यासाठी एक टोपली मातीही उपसलेली नाही.

स्टोनहेंजवर फार वेळ घालवत नाही. तिथल्या खड्ड्यांतून जळलेली मानवी हाडं निघाली आहेत. माणसं जाळून पुरली तिथे अंत्यविधी झाला, याहून सरळ काय सांगायचं?

आता विदर्भ, कारण इथला दावा सगळ्यात निराधार आहे आणि त्यानं नुकसानही सगळ्यात जास्त होतं.

नागपूर विद्यापीठातर्फे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 या काळात नागपूरजवळच्या माहुरझरीची वर्तुळं खणली. त्याचा अहवाल 1973 मध्ये छापून आला, म्हणजे दडवलेलं काहीच नाही. दगडांच्या कड्याच्या आत, दगडमातीच्या भरावाखाली माणसांचे अवशेष होते. सोबत काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारं. आणि घोडे. घोड्यांच्या डोक्यावर घालायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने होते आणि हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. जवळपास अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घोडा सजवला, मारला आणि मेलेल्या माणसासोबत पुरला. याला विधी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? घोडा कापून कुठली ऊर्जा तयार होते, हे त्या व्हिडिओवाल्यानं सांगावं.

‘कळत नाही म्हणून विधी म्हणतात’ हा आरोपही इथे साफ पडतो. पेंच नदीकाठच्या नायकुंडला वर्तुळं आहेत आणि जवळच वस्ती आहे. त्या वस्तीत मातीच्या विटांची गोल रचना सापडली, तिच्यासोबत भात्याच्या नळ्या आणि लोखंडाची मळी, म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा टाकाऊ भाग. उत्खनन करणाऱ्यांनी तिला यज्ञकुंड म्हटलं नाही. लोखंड गाळायची भट्टी म्हटलं, कारण मळी समोर पडली होती. माहुरझरीतही मणी घडवण्याच्या खुणा मिळाल्या, तर मण्यांचा उद्योग असंच लिहिलं गेलं. थडगं निघालं तिथे थडगं आणि भट्टी निघाली तिथे भट्टी.

नागपूरजवळच्याच जुनापाणीच्या वर्तुळांतल्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे ठरावीक दिशांना आहेत, असंही तो व्हिडिओ सांगतो. दिशांचा अभ्यास जरूर व्हावा, मला त्यात वावगं वाटत नाही. पण कब्रस्तानातल्या कबरीही एकाच दिशेनं असतात. दिशा साधली म्हणून थडग्याचं थडगेपण जात नाही.

माझा खरा राग ‘खाली काय दडवलंय’ या वाक्यावर आहे. विदर्भात गुप्तधनाच्या नादानं जुन्या जागा उकरण्याचे प्रकार होत आले आहेत, त्यात हे वाक्य म्हणजे उघड आमंत्रण. शेतीसाठी, रस्त्यांसाठी, बांधकामासाठी दगड उचलून कितीतरी वर्तुळं आधीच मोडली आहेत. वर्तुळात सोन्याच्या मोलाचं काही मिळो न मिळो, पहारीच्या पहिल्या घावातच घोडा कुठे होता, माणूस कुठे होता, मडकी कुणाच्या पायाशी होती, हे सगळं विस्कटतं. कापल्याच्या खुणा वाचायला हाड अखंड लागतं आणि ते जागेवर लागतं. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांना नाव घेऊन विचारा, माहुरझरीचा अहवाल पाहिलाय का?